मिनिटाला साठ श्वास

तान्हं बाळ आजारी पडलं की मोठ्या मुलासारखं तापाने फणफणेलच असं नाही. अंग गार लागतं, रडणं बारीक होतं, दूध ओढायचा जोर कमी होतो. घरच्यांना वाटतं, आज बाळ गुणी झालंय, नुसतं झोपून आहे. प्रत्यक्षात रक्तात जंतुसंसर्ग पसरत असतो, आणि अशा बाळाला दगावायला एखाद-दोन दिवसही पुरतात.

त्याची कारणं शरीरातच आहेत. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा खूप, म्हणून उष्णता झपाट्याने निघून जाते. मोठ्यांसारखं थरथरून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. पाठीत आणि मानेभोवती साठलेल्या तपकिरी चरबीवर ते भागवतं, आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाकडे तो साठाही तुटपुंजा असतो. म्हणूनच जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घालायची घाई नडते.

दवाखाना चाळीस-पन्नास किलोमीटरवर असेल तर हे ओळखायचं कुणी? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याचं उत्तर गावातच शोधलं. सुरुवात झाली न्यूमोनियापासून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल तर धोका, हा नियम सोपा आहे. पण गावच्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र तयार झालं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाईला शिकवत बसण्याऐवजी मोजणीच तिच्या बोटांवर आणून ठेवली, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत हुशार पाऊल वाटतं.

मोजायचं मात्र पूर्ण मिनिटभर. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्येच काही सेकंद थांबतो, मग भराभर सुरू होतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हमखास चुकतं.

पुढची पायरी अवघड होती. १९९५ पासून ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं गेलं. बाळंतपणाला हजर राहायचं, नंतर घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, अंगावर पाजायला आईला मदत करायची. रडणं मंदावणं, दूध ओढणं मंदावणं, अंग ढिलं पडणं, अंग गार किंवा गरम लागणं, बेंबीत पू, पोट फुगणं किंवा उलट्या, कण्हणं किंवा धाप, अशा सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकदम दिसल्या तर दवाखान्यात न्यायचा सल्ला द्यायचा. घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच प्रतिजैविक सुरू करायचं, जेंटामायसिनच्या इंजेक्शनसह. गावची बाई तान्ह्याला सुई टोचणार, हे ऐकून अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. ही सेवा न मिळालेल्या ४७ गावांशी तुलना करता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

२०११ पासून केंद्र सरकारने हे काम देशभर आशाताईंकडे सोपवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. गरज अजूनही सरलेली नाही: २०२० मध्ये भारतात हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, त्यातली २० पहिल्याच महिन्यात.

इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती आलं नाही. त्यांनी खुणा ओळखायच्या आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचं. नेणं शक्यच नसेल तर जेंटामायसिन द्यायची मुभा २०१४ मध्ये मिळाली, ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंना. सावधगिरी समजू शकते. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की उपकेंद्रही पलीकडच्या काठावर राहतं, आणि अलीकडे असते ती आशाताईच.