ईएसपी३२ला ५ व्होल्टचा सेन्सर जोडण्याआधी

प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या दुकानाच्या काउंटरवर एकच तक्रार ऐकू येते: "बोर्ड नवा आहे, प्रोग्रॅम अपलोड होतो, वायफायही चालतं, पण रीडिंग शून्यच." बोर्ड असतो ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. बहुतेक वेळा सेन्सर एचसी-एसआर०४ (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) असतो आणि त्याची इको पिन, म्हणजे मोजमापाचा सिग्नल देणारी पिन, थेट बोर्डाला जोडलेली असते.

आर्डुइनो उनोवर ही जोडणी बिनदिक्कत चालते, कारण उनो ५ व्होल्टचा. ईएसपी३२ मात्र ३.३ व्होल्टचा; त्याच्या पिनवर ३.६च्या वर जायचं नाही. रास्पबेरी पाय आणि पिकोही ३.३चेच. उनोचा कोड नुसते पिन नंबर बदलून टाकला तरी विनातक्रार कंपाइल होतो. कोडला पिनचा नंबर कळतो, तिच्यावर किती व्होल्ट येणार ते नाही.

मल्टिमीटरही फसवतो. समोरची वस्तू एक मीटरवर असेल तर इकोचा पल्स जेमतेम ६ मिलिसेकंदांचा. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून आकडा किरकोळ दिसतो. पिनवर मात्र दर वेळी पूर्ण ५ व्होल्ट येतात, आणि त्यांनी ती जळू शकते. काही बोर्ड हे बरेच दिवस सोसतात, म्हणून "काल तर चालत होतं" हेही खरंच असतं.

इको आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, पिनपासून ग्राउंडला २ किलोओहमचा. पिनवर ३.३३ व्होल्ट येतात. २ किलोओहमचा नसेल तर १चे दोन सिरीजमध्ये लावा. आयटूसी एलसीडीला (दोन तारांवर डेटा घेणारा डिस्प्ले) ही रेझिस्टरची जोडी चालत नाही, कारण तिथे डेटा दोन्ही बाजूंनी जातो. त्याला लेव्हल शिफ्टरच हवा, म्हणजे दोन्ही बाजूंचे व्होल्ट जुळवणारं छोटं मॉड्यूल.

जळालेल्या पिनचा बोर्ड आम्ही बदलून देत नाही, यावर काहीजण नाराज होतात. पण प्रत्येक बोर्ड तुमच्यासमोर, पिना तपासूनच देतो. घाईत ती तपासणी टाळू नका. जळालेली पिन बाहेरून ओळखू येत नाही, आणि तसा बोर्ड दुसऱ्याच्या हाती देणं आम्हाला पटत नाही.

एचसी-एसआर०४ सोबत दोन्ही रेझिस्टर आम्ही मोफत देतो. नव्याने घेणार असाल तर एचसी-एसआर०४पी मागा, तो ३.३ व्होल्टवर चालवला की रेझिस्टर लागतच नाहीत.

एक पिन गेली म्हणून बोर्ड टाकून देऊ नका. घेऊन या, कोणत्या पिना शाबूत आहेत ते विनामूल्य तपासून देतो. इकोला ३४ किंवा ३५ नंबरची पिनही चालते. त्या नुसत्या इनपुटच्याच पिना आहेत.