लहान ट्रॅक्टरवरील हत्यारपेटी व इतर सोयी

साधारण १५ ते ३० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरवरून पाने, पहार, फावडे, साखळी, करवत यांसारखी हातहत्यारे कामाच्या जागी सुरक्षितपणे नेता यावीत, म्हणून बसविलेल्या पेट्या, नळ्या, कंस (ब्रॅकेट) व चौकटी यांचा या नोंदीत विचार केला आहे. नांगर, रोटाव्हेटर यांसारखी ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणारी अवजारे येथे अभिप्रेत नाहीत.

कारखान्यातून येणारी पेटी बहुधा चार पाने, एक पकड आणि जास्तीच्या पिना मावतील एवढीच असते. उरलेले सामान ट्रॉलीतून जाईल, असे त्यामागे गृहीत धरलेले असते आणि शेतावर ते खरेही ठरते. मुंबईत लहान ट्रॅक्टर प्रामुख्याने उद्याने, क्रीडामैदाने आणि मोठ्या संस्थांची आवारे येथे वापरला जातो. तेथील अरुंद फाटकांतून आणि झाडांमधल्या वाटांवरून ट्रॉली वळत नाही, शिवाय मागे गवत कापण्याचे यंत्र जोडलेले असले तर ट्रॉलीला जागाच उरत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीला निघालेल्या माळ्याला मात्र करवत, कोयता, दोरखंड, पहार आणि घमेले हे सगळे एकाच फेरीत हवे असते.

सोय कोणतीही केली, तरी पहिला प्रश्न वजनाचा असतो. समजा, दोन आसांमधील अंतर १.५ मीटर आहे आणि मागच्या आसापासून १ मीटर मागे ५० किलोग्रॅमची पेटी टांगली. तर पुढच्या आसावरचा भार सुमारे ३३ किलोग्रॅमने घटतो आणि मागच्या आसावरचा सुमारे ८३ किलोग्रॅमने वाढतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन ८०० किलोग्रॅमच्या आसपास असेल, तर हा फरक किरकोळ नाही. एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो मोडला की चढावर सुकाणू हलके पडते आणि ट्रॅक्टर वळता वळत नाही. पुढे लोडर, म्हणजे माती वगैरे उचलणारे सुपडे, बसविलेला असेल, तर प्रकार नेमका उलटा होतो. तेथे मागे वजन लागतेच, आणि हत्यारांची सर्वांत चांगली सोय याच ठिकाणी होते.

ती अशी : मागच्या त्रिबिंदू जोडणीवर, म्हणजे अवजार तीन ठिकाणी धरून वरखाली करणाऱ्या दांड्यांवर, चढणारी लोखंडी पेटी करून तिच्यात काँक्रीट ओततात आणि काँक्रीट ओले असतानाच जाड पीव्हीसी नळ्यांचे तुकडे त्यात उभे रोवतात. फावडे, पहार, टिकाव यांचे दांडे या नळ्यांत उभे राहतात आणि वरच्या मोकळ्या भागात साखळी व आकडे मावतात. नळीचे खालचे टोक बुजले, तर तिच्यात पावसाचे पाणी साचून दांडे कुजतात, म्हणून ते तळातून आरपार उघडे ठेवावे लागते. जे वजन एरवी मुके ओझे म्हणून वाहावे लागले असते, तेच येथे कामाला येते. म्हणून लोडरवाल्या ट्रॅक्टरसाठी यापेक्षा सरस उपाय सुचत नाही. त्रिबिंदू जोडणीची कल्पना हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी रूढ केली. लहान ट्रॅक्टरवर तिचे शून्य व एक असे दोन वर्ग आढळतात. खालच्या पिनांचा व्यास शून्य वर्गात सुमारे १६ मिलिमीटर, तर एक वर्गात सुमारे २२ मिलिमीटर असतो. पेटी बनवून घेण्याआधी हे माप घेतले नाही, तर पिना तरी बदलाव्या लागतात किंवा भोके तरी.

मागची जोडणी यंत्राने अडलेली असेल, तर सामान पुढच्या बंपरवर, मडगार्डवर किंवा चालकामागच्या सुरक्षा कमानीवर न्यावे लागते. कमानीला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे सर्वथा वर्ज्य आहे. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो आणि भोकाभोवती किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने तिची ताकद घटते. म्हणून रबराची पट्टी घालून यू-बोल्टने आवळलेला कंसच तेथे चालतो. मडगार्डचा पत्रा पातळ असतो. त्यावर पेटी नुसत्या वायसरवर कसली, तर इंजिनाच्या थरथरीने बोल्टच्या भोकापासून तडे जाऊ लागतात. पत्र्याच्या आतल्या बाजूने तळहाताएवढी लोखंडी पट्टी द्यावी आणि बोल्टला साध्या चाकीऐवजी (नटऐवजी) नायलॉनची कडी असलेली चाकी वापरावी, म्हणजे भार पसरतो व चाकी सैल होत नाही. पुढच्या बंपरवरील पेटी वजनाच्या दृष्टीने उत्तम असते. मात्र तिने रेडिएटरपुढची हवा अडता कामा नये.

साखळी-करवतीसाठी वेगळा कंस करणे इष्ट असते. तिचे पाते म्यानात आणि इंधनाचे झाकण वर राहील अशी ती उभी बसवावी, अन्यथा पेट्रोल झिरपत राहते. इंधनाचा डबा सायलेन्सरपासून दूर ठेवावा लागतो. लोंबणारे दोर व पट्टे, मागच्या यंत्राला इंजिनाची शक्ती देणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ येऊ देऊ नयेत; मिनिटाला ५४० फेरे घेणारा तो दांडा दोर क्षणात गुंडाळून घेतो.

मुंबईच्या हवेत गंज हा वेगळा अध्याय आहे. वर्षाला २००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस आणि खारे वारे यांपुढे नुसता रंग टिकत नाही. गरम जस्ताचा थर दिलेला पत्रा निदान काही वर्षे तरी साथ देतो. ॲल्युमिनियमची पेटी हलकी असते, पण ती स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने कसली, तर खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत् रासायनिक क्रिया होऊन बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम झडते. मध्ये नायलॉनचा वायसर घातल्यास हे बरेच टळते. पेटीच्या तळाला निचऱ्याची भोके आणि आत रबराची चटई असली, म्हणजे ओल व खडखडाट दोन्ही कमी होतात. कुलूप लागेल असा कोयंडाही हवाच, कारण ट्रॅक्टर पुष्कळदा रात्रभर उघड्यावर उभा असतो. यू-बोल्ट, चाक्या आणि लिंचपिन (जोडणीची पिन निसटू न देणारी कडीची पिन) मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. अँगल व पट्ट्यांची चौकट कोणताही फॅब्रिकेशनवाला मापावर करून देतो.

ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा असेल, तर सामान मर्यादेबाहेर डोकावणे कायद्याने महागात पडते. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन अधिनियमात अशा बाहेर आलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आडवी बांधलेली पहार या कारणानेही टाळावी. मागची पेटी बसविल्यावर जोडणी उचलणारे हायड्रॉलिक पूर्ण वर व पूर्ण खाली करून ती आसनाला, मडगार्डला किंवा टायरला घासत नाही ना, आणि मागचे दिवे व नंबरपट्टी तिच्याआड जात नाहीत ना, हे तपासावे लागते.