आठ जिल्ह्यांच्या दहा ओळी

मराठवाड्यात जिल्हे आठ. पण मंडळनिहाय (महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट) पावसाच्या जुन्या-नव्या नोंदी एका फाईलीत घातल्या, की जिल्हे दहा निघू शकतात. 2023मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव; काही ओळींत जुनं नाव राहतं, काहींत नवं येतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ही भानगड एका ओळीत उघडी पडते:

कट | सॉर्ट | युनिक

(टाइप करताना हे रोमन अक्षरांत, पुढे फाईलचं नाव आणि दोन-चार खुणा.) कट जिल्ह्याचा रकाना तेवढा काढून घेतं, सॉर्ट सारखी नावं शेजारी आणतं, युनिक प्रत्येक नाव एकदाच ठेवतं आणि किती वेळा आलं तेही सांगतं. मधली उभी रेघ म्हणजे पाइप. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हाती. कल्पना डग मॅकिल्रॉय यांची. केन थॉम्पसन यांनी ती 1973मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वसुरी प्रणालीत, बसवली.

सॉर्ट गाळलं तर? धाराशिव दहा ठिकाणी विखुरलेलं असेल तर दहा वेळा छापलं जाईल. युनिक फक्त लगतच्या ओळी ताडून पाहतं, सगळी फाईल डोक्यात ठेवत नाही. म्हणून तर प्रचंड फाईलही त्याला जड जात नाही.

सॉर्टचीही एक खोड आहे. त्याला आकडे म्हणजे अक्षरंच. त्यामुळे 102 मिलिमीटर आधी आणि 9 मिलिमीटर नंतर! चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर, म्हणजे अतिवृष्टीची मंडळं शोधायची असतील तर ‘हे अंक समज’ असं बजावावं लागतं. नावं बदलायला सेड आहे. ते बदललेला मजकूर पडद्यावर दाखवतं, मूळ फाईलला हात लावत नाही. थेट फाईलीतच बदल करण्याची सोयही आहे, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. रकान्यांवर हिशेब करणाऱ्या ऑक या आज्ञेचं तर सुरुवातीला नावच काढू नये, असं माझं मत.

खरी गंमत मराठीत शोधताना येते. शेऱ्याच्या रकान्यात ‘शेतकऱ्यांची जमीन खरडली’ असं दहा ठिकाणी दिसतं आणि ग्रेपला, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला, सहाच सापडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेतांक देण्याच्या प्रमाण पद्धतीत, ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेप मात्र आतले संकेतांक बघतं, आणि ते वेगळे. (फाईल श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर विषयच संपला, आधी ती युनिकोड करून घ्या.) यावर सोपा उपाय म्हणजे ग्रेपला ‘शेतक’ एवढंच द्यायचं. दहाही ओळी येतात. सोबत शेतकी शाळेची एखादी आली, तर येऊ द्यावी.