दुसऱ्या फोनची नोंद

२०२० च्या अखेरीस फायरआय या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीत एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दोन फोन जोडलेले दिसत होते. लॉगिन करताना पासवर्डनंतर फोनवर जी दुसरी खातरजमा होते, तिच्यासाठी कुणीतरी नवा फोन नोंदवला होता. हा फोन तुमचाच का, असं विचारल्यावर उत्तर ‘नाही’ असं आलं.

तिथून माग काढत तपास पोचला ऑरायन या सॉफ्टवेअरपाशी. टेक्सासमधल्या सोलरविंड्स कंपनीचं हे सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांच्या नेटवर्कवर देखरेख ठेवतं, त्यामुळे बहुतेक सर्व्हरपर्यंत त्याला मुक्त प्रवेश असतो. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्यालाच हल्लेखोरांनी गाठलं होतं.

गाठलं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. ऑरायनचा मूळ कोड भांडारातच बदलला असता, तर तो एखाद्या प्रोग्रॅमरच्या नजरेस पडला असता. म्हणून कोडपासून तयार सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर त्यांनी सनस्पॉट नावाचा प्रोग्रॅम बसवला. बिल्ड सुरू झालं का, हे तो दर सेकंदाला पाहायचा. ऑरायनचं बिल्ड दिसलं, की एक मूळ फाइल बाजूला काढून तिथे चोरवाट असलेली फाइल ठेवायचा आणि काम संपताच मूळ फाइल जागेवर आणायचा. अदलाबदलीआधी मूळ फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा, जुळतो का हेही तपासायचा. कोड दरम्यान बदललेला असता तर बिल्ड अडकलं असतं आणि लोक कारण शोधायला बसले असते.

अशा रीतीने आत गेलेल्या चोरवाटेला सनबर्स्ट म्हणतात. तिच्यावर सोलरविंड्सची अस्सल डिजिटल सही होती. सही झाल्यानंतर फाइलमध्ये फेरफार झालेला नाही, एवढंच ती सही सांगते. इथे भेसळ सहीच्या आधीच झाली होती. मार्च ते जून २०२० मधले असे अपडेट जवळपास १८,००० ग्राहकांकडे गेले. त्यांतल्या मोजक्यांकडेच हल्लेखोर खोलवर शिरले. अमेरिकी सरकारच्या मोजणीनुसार ९ संघीय संस्था आणि सुमारे १०० कंपन्या. अर्थखातं, परराष्ट्रखातं, न्यायखातं आणि खुद्द अंतर्गत सुरक्षा खातंही त्यांत होतं.

बसवल्यावर सनबर्स्ट साधारण १२ ते १४ दिवस गप्प राहायचा. मग तो हल्लेखोरांच्या एव्हीएसव्हीएमक्लाउड डॉट कॉम या डोमेनखालचा एक लांबलचक, अर्थहीन वाटणारा पत्ता डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे आयपी पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारायचा. त्या अक्षरांत त्या संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कचं नाव सांकेतिक रूपात गुंफलेलं असे. उत्तरावरून ठरे, गप्प बसायचं की पुढच्या सर्व्हरकडे जायचं.

हीच युक्ती पुढे तपासाला कामी आली. जगभरातल्या डीएनएस प्रश्नोत्तरांचे संग्रह काही संस्था जपून ठेवतात. संशोधकांनी त्यांतले पत्ते काढून संकेत उलगडला, तेव्हा अनेक बाधित संस्थांची नावंच वाचता आली. शिवाय उत्तरात ठरावीक गटातला आयपी पत्ता आला, तर सनबर्स्ट स्वतःला बंद करी. डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट, फायरआय आणि गोडॅडी यांनी ते डोमेन ताब्यात घेऊन नेमकं तसंच उत्तर द्यायला लावलं. अर्थात जिथे हल्लेखोरांनी दुसरी वाट आधीच पाडून ठेवली होती, तिथे याचा उपयोग नव्हता.

ती दुसरी वाट शोधणं सर्वांत कठीण. काही ठिकाणी त्यांनी लॉगिनचे परवाने देणाऱ्या सर्व्हरची सही करायची गुप्त चावीच चोरली. मग कुणाच्याही नावाचा परवाना बाहेर बसून बनवता येतो. पासवर्ड लागत नाही, फोनही लागत नाही. अशी घुसखोरी एकाच नोंदवहीत दिसत नाही. क्लाउडच्या लॉगमध्ये लॉगिन आहे, पण त्या वेळी परवाना दिल्याची नोंद आपल्या सर्व्हरवर नाही, अशी जोडी शोधावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एडीएफएस या परवाने देणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदींचे क्रमांक १२०० आणि १२०२. हे ऑडिटिंग, म्हणजे अशा नोंदी ठेवणं, आधीपासून चालू केलेलं नसेल, तर ताळा घ्यायला काही उरतच नाही. दोन्हीकडची घड्याळं काही मिनिटांनी मागेपुढे असली, तरी खरी लॉगिन खोटी दिसू लागतात.

हल्लेखोर कोण, हे ठरायला आणखी वेळ लागला. ५ जानेवारी २०२१ ला अमेरिकी यंत्रणांनी ‘बहुधा रशियन’ एवढंच म्हटलं. १५ एप्रिलला रशियाच्या एसव्हीआर या परदेशी गुप्तहेर संस्थेचं नाव घेतलं. रशियाने आरोप नाकारला.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सरकारी संस्थांसह कंपन्या आणि सेवा पुरवठादारांना सायबर घटना ६ तासांत कळवणं, घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक केलं. घड्याळांची अट अगदी योग्य आहे. १८० दिवस मात्र आमच्या मते अपुरे आहेत. मार्चअखेरीस आलेला सनबर्स्ट १३ डिसेंबरला जाहीर झाला, म्हणजे सुमारे २६० दिवसांनी. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या संघीय संस्थांना बहुतेक लॉग १२ महिने हाताशी आणि पुढे १८ महिने साठवणीत ठेवायला सांगितलं. १८० दिवसांचाच नियम पाळणाऱ्या कार्यालयात डिसेंबरात तपास सुरू झाला असता, तर जूनच्या मध्याआधीचं पानच मिळालं नसतं.