ब्लॉक दिला, पण दुखणं मोजलं कसं?

स्तनाचं ऑपरेशन करताना पूर्ण भूल देतातच. तिच्या जोडीला छातीकडे जाणाऱ्या नसांजवळ बधिर करणारं औषध सोडलं, तर जाग आल्यावरचे पहिले काही तास बरे जातात. यालाच ब्लॉक म्हणतात. ही कल्पना जुनीच. जर्मनीत ह्यूगो सेलहाइम यांनी १९०५ मध्ये मणक्याशेजारी सुई घालून नसा बधिर केल्या. तोच पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक. पुढे तो मागे पडला आणि १९७९ मध्ये ईसन आणि वायट यांच्या लेखामुळे पुन्हा चर्चेत आला. धास्ती मात्र कायम होती, कारण फुप्फुसाचं आवरण सुईच्या टोकाला अगदी लागून असतं.

मग सोनोग्राफी आली. २०११ मध्ये राफाएल ब्लँको यांनी छातीच्या दोन पेक्टोरल स्नायूंच्या मधे औषध सोडायचा 'पेक्स' ब्लॉक मांडला. स्क्रीनवर दोन थर विलग होतात आणि मधे औषधाची काळी फट पसरत जाते. २०१२ मध्ये काखेपर्यंत पोचणारा पेक्स-२, २०१३ मध्ये बरगड्यांच्या बाजूच्या स्नायूजवळचा सेराटस, २०१६ मध्ये पाठीच्या स्नायूखालचा इरेक्टर स्पायनी. नवे ब्लॉक भराभर आले.

चाचण्याही झाल्या, पण बऱ्याच चाचण्यांत तुलना 'काहीच न देण्याशी' होती. ब्लॉक मिळालेल्या बाईला छाती बधिर लागतेच, मग तिच्यापासून ते लपवायचं कसं? म्हणून काहींनी दुसऱ्या गटाला सलाईन टोचलं. म्हणजे उपयोग नसलेली सुई. मोजमाप बहुधा २४ तासांत लागलेल्या मॉर्फिनचं. मला हे अपुरं वाटतं. निजून असताना वेदना दहापैकी दोन असेल, पण केस विंचरायला हात वर नेला की किती? विचारायला हवं ते हे.

काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना वाहणारी नस ताणली किंवा कापली जाते, आणि जखम भरली तरी तिथली आग महिनोन्‌महिने राहू शकते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारानंतर दोन-तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांनी दुखत असल्याचं सांगितलं.

ब्लॉकमुळे कर्करोग परत होण्याचं प्रमाण घटेल, अशी आशा २००६ च्या १२९ रुग्णांच्या नोंदींवरून जागली होती. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या २,१०८ स्त्रियांच्या चाचणीत पॅराव्हर्टिब्रल किंवा एपिड्युरल (पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सोडलेलं बधिर करणारं औषध) घेतलेल्या आणि नेहमीची वायूची भूल घेतलेल्या गटांत तसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखणाऱ्यांचं प्रमाणही दोन्हीकडे सारखंच होतं : ५२ टक्के.