तर्रीची बदनामी आणि पाकाची करामत

मागच्या महिन्यात पुतणीचा वाढदिवस होता म्हणून आम्ही सगळे नागपुरात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. भाऊजींचं बायपास (हार्टचं नाही, वजनाचं) होऊन आठ महिने झाले होते आणि त्यानंतर बाहेर जेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. सावजी चिकनचे दोन तुकडे आणि भाकरीचा चतकोर, बस्स, सगळ्यांनी वाहवा केली. मग गुलाबजाम आले. दोन खाल्ले, वर वाटीतला पाकही पिऊन टाकला, लहानपणापासूनची सवय. पंधरा मिनिटांत माणूस घामाने चिंब, छाती धडधड, पोटात कळा, शेवटी हॉटेलच्या सोफ्यावर आडवे.

दादा म्हणाला तर्री भोवली. आत्या म्हणाली, "चारचौघं जवायाच्या ताटाकडं पाहून राह्यले होते, नजर लागली बाप्पा!" दोघंही चूक.

आपल्याला वाटतं ऑपरेशनमध्ये पोट लहान करतात, विषय संपला. लहान करतातच, बायपासमध्ये वर उरते ती पिशवी साधारण 30 मिलीची, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. पण माझ्या मते खरी भानगड जागेची नाही, दाराची आहे. जठराच्या खालच्या टोकाला पायलोरस नावाचा गोल स्नायू असतो. तो जबरदस्त चिकट वॉचमन आहे. अन्न घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत बहुतेक काही पुढे सोडत नाही, आणि पुढच्या आतड्यात फार गोड किंवा फार घट्ट माल पोचला की तिथून निरोप येतो 'थांब रे', मग जठर आपला वेग कमी करतं. बायपासमध्ये ती छोटी पिशवी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे हा वॉचमन वाटेतून बाजूलाच पडतो. व्हरायटी चौकातला सिग्नल संध्याकाळी सात वाजता बंद पडल्यावर जे होतं तेच. (स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण 75-80 टक्के भाग काढतात पण पायलोरस जागेवर राहतो, म्हणून तिथे हा त्रास कमी, अजिबातच नाही असं नाही.)

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, शाळेत त्याला ऑस्मोसिस म्हणायचो. जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी धावतं. गुलाबजामचा पाक अचानक आतड्यात पडला की पाक झाला मीठ आणि भाऊजींचं रक्त झालं कैरीची फोड. हिशोब करून बघा, रक्तात दर लिटरला साधारण 290 मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं माप) कण असतात, 50 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे 278, म्हणजे तेवढं ग्लुकोज रक्ताइतकं पातळ करायला जवळपास एक लिटर पाणी पाहिजे! घरची साखर सुरुवातीला निम्म्यावर भागवते कारण तिचा रेणू मोठा, पण आतड्यातलं एन्झाइम तिचे दोन तुकडे करतं, कणांची संख्या दुप्पट, परत तिथेच. प्रत्यक्षात एवढं पाणी ओढलं जात नाही कारण साखर त्याच वेळी शोषलीही जात असते, पण जे जातं ते रक्तातून जातं. रक्ताचं आकारमान घटलं की हृदय धावायला लागतं, आतडं फुगलं की कळा येतात, शिवाय आतड्यातले हार्मोन एकदम सुटतात ते वेगळेच. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा अंक एक ते तीन तासांनी येऊ शकतो, साखर पटकन शोषली गेली म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि मग साखर खाली कोसळते, हातपाय थरथरतात. त्यात जीएलपी-1 नावाच्या हार्मोनचा मोठा हात असतो. सध्या वजनाच्या ज्या इंजेक्शनांवर लोक तुटून पडलेत ती त्याचीच नक्कल करतात, जादू वगैरे काही नाही.

आता तर्रीची बाजू घेतोच. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते असं पाणी ओढू शकत नाही. जास्त तेलाने मळमळू शकतं, कॅलरी तर आहेतच, पण त्या रात्रीचा आरोपी पाकच.

घरी आल्यावर आत्याने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या आणि थोड्या वेळात भाऊजी उठून बसले. "पाह्यलं?" म्हणाली. हा पहिला झटका तसाही तासाभरात ओसरतो हे तिला समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

भाऊजींनी हॉटेल सोडलं नाही, आहारतज्ज्ञांनीही सोडा म्हटलं नव्हतंच. आधी चिकन किंवा पनीर, कारण दिवसाला 60 ग्रॅमच्या वर प्रोटीन जायला पाहिजे आणि जागा एवढीशीच. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर नंतर, सोडा-कोल्ड्रिंक बंद. मैद्याची नान नको, तिचा गोळा होतो आणि पिशवीचं तोंड जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं. मित्रांच्या पार्टीत दारूचं तर विचारूच नका, बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते. कमी खातो म्हणून कमी चढेल हा हिशोब उलटा पडतो.

परवा इतवारीत परत सावजीत गेलो. भाऊजींनी एक तुकडा वीस मिनिटं चावून खाल्ला, बाकी ताट जसंच्या तसं. वेटर जवळ आला, काळजीने म्हणाला, "काहून साहेब, तिखट झालं का?"

"नाही रे, मस्त आहे. पार्सल कर."