टर्बो व विनाटर्बो एंजिने

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात हवा कशी शिरते, यावरून पडलेले दोन प्रकार. विनाटर्बो एंजिनात पिस्टन खाली सरकतो आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने आत येते. पुण्यातील गॅरेजांत याला ‘एनए’ (नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड) किंवा नुसते ‘साधे एंजिन’ म्हणतात. टर्बोत सायलेन्सरवाटे एरवी वाया जाणारा तप्त वायू टर्बाइन फिरवतो व त्याच दांड्यावरचा कंप्रेसर हवा दाबून आत भरतो. हवा जास्त, म्हणून जाळता येणारे इंधनही जास्त.

शोधाचे श्रेय बहुधा स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटाला दिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारणे अवघड आहे. त्या पेटंटात कंप्रेसर, पिस्टन एंजिन व टर्बाइन एकाच दांड्यावर आहेत. आजचा टर्बो एंजिनाच्या दांड्यापासून सुटा असतो आणि केवळ वायूच्या जोरावर फिरतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समध्ये रातो व अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानांच्या एंजिनांना टर्बो जोडून पाहिले. मॉसने १९१८ मध्ये पाइक्स पीक शिखरावर, सुमारे ४,३०० मी. उंचीवर, चाचणी घेतली. तथापि ब्यूखीच्याच देखरेखीखाली १९२५-२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. कल्पना १९०५ ची आणि व्यवहारात उतरलेले यंत्र त्यानंतर वीस वर्षांनी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मोटारीत टर्बो १९६२ मध्ये अमेरिकेत आला.

पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये आली, तेव्हा तिच्या १,१९८ घ. सेंमी. टर्बो पेट्रोल एंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती होती. त्याच कंपनीच्या टियागोतील १,१९९ घ. सेंमी. विनाटर्बो एंजिनाची ८५. त्याहून मोठा फरक पिळाचा, म्हणजे दांडा फिरवण्याच्या जोराचा (टॉर्क). टियागोला ११४ न्यूटन-मीटर मिळायला मिनिटाला ३,५०० फेरे लागत, नेक्सॉनला १७० न्यूटन-मीटर २,००० फेऱ्यांपाशीच मिळत.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंच, त्यामुळे हवा तिथल्यापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. महाबळेश्वरी हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास जाते. साध्या एंजिनाची शक्ती जवळपास तितकीच घटते. गाडी भरलेली असेल तर वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणी घाटाच्या वळणावर दुसरा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवावा लागतो, तो यामुळे. टर्बो विरळ हवाही दाबून भरतो, म्हणून त्याची घट बरीच कमी.

मात्र पाय दाबल्यावर टर्बाइनला वेग घ्यायला क्षणभर लागतो; सिग्नलवर थांबत-थांबत चालताना साधे एंजिन अधिक सरळ वाटते. दुसरी बाब तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून लगेच चावी फिरवून एंजिन बंद केले, तर थांबलेले तेल त्या उष्णतेने करपून बेअरिंगात काजळीसारखे बसते. म्हणून वर पोहोचल्यावर एंजिन मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, एंजिन मंद चालू) ठेवावे व तेल वेळेवर बदलावे.